धुतलेला रुमाल

लखनऊतल्या कपूरथलाच्या बाजारात मी दुधी बघत होतो. दुधीला नख लावून बघावं हे मला शेजारच्या सरोजभाभींनी सांगितलं होतं, आणि नख लावलेला दुधी घ्यावाच लागतो हे भाजीवाल्याने. माझी बायको सुहासिनी गेल्यापासून वर्षभरात मी अशा बऱ्याच गोष्टी शिकलो. तर मी दुधी उलटापालटा करत होतो, तेवढ्यात मागून कोणीतरी म्हणालं, "आदाब, खरे साहब." वळून पाहिलं तर रज्जब अली. चिनहटच्या बॅटरीच्या कारखान्यात ते शिशाच्या जाळ्यांमध्ये लेप भरायचं काम करतात. कारखान्यात मी त्यांना नेहमी राखेत लोळून आल्यासारखे पाहिलेले, म्हणून पांढऱ्या कुर्त्यात त्यांना ओळखायला क्षणभर वेळ लागला. काखेत गाठोडं होतं. त्यांची बायको चिकनचं भरतकाम करते, ते इथल्या दुकानात पोचवायला आले होते. खुशाली झाली, माझ्या हातातल्या दुधीची चौकशी झाली, मग ते म्हणाले, "और हुज़ूर, वो आपकी मशीन? सलामत तो है?"

मी म्हणालो, ठीक आहे.

"होगी कैसे नहीं! एक ज़र्रा गर्द का नहीं पड़ने दिया हमने. घरवाली रोज़ धुला हुआ रूमाल देती थी. चार तह करके मुँह पर बाँध देते थे."

"किसके मुँह पर?"

"अजी, मशीन के."

मी दुधी खाली ठेवला. भाजीवाला बघायला लागला, मग पुन्हा उचलला. विचारलं, सगळ्यांनीच बांधला होता का? तर ते आनंदाने म्हणाले, "सबने! हमने कह दिया था सबसे, परदेसी चीज़ है, साहब की अमानत है, मैली लौटाई तो चिनहट की नाक कट जाएगी." मी म्हणालो, पण मी आत यायचो तेव्हा तर कधी रुमाल दिसला नाही. "तब खोल लेते थे. आप सामने खड़े हों और मशीन घूँघट काढ़े रहे, अच्छा लगता है?" आणि ते हसले. त्यांचे पुढचे दोन दात नव्हते. मी त्यांना शुक्रिया म्हणालो. दुसरं काय म्हणणार? माझ्या कित्येक आठवड्यांच्या कामावर त्यांनी धुतलेला रुमाल टाकला होता, तोही घरून आणून.

बाजारापासून महानगर नावाच्या वस्तीतलं आमचं घर लांब नाही, पण त्या दिवशी मी मधल्या बागेला वळसा घालून गेलो. हवा मोजणं हे माझं काम. सांगलीहून रसायनशास्त्र शिकून निघालो तेव्हा असं काही काम असतं हे मला ठाऊक नव्हतं. लखनऊच्या एका संस्थेत कारखान्यांतल्या विषांवर संशोधन चालतं, तिथे चिकटलो आणि इथलाच झालो. इतका, की इथले लोक मला कायस्थ समजतात, कारण त्यांच्यातही खरे असतात. मी मराठी आहे म्हटलं की त्यांची जरा निराशा होते. कामगार ज्या हवेत श्वास घेतो तिच्यात विष किती, हे आम्ही बघतो. कामगाराच्या कमरेच्या पट्ट्याला एक छोटा पंप लावायचा, नळी पाठीवरून वर आणायची, आणि तिच्या टोकाची डबी कॉलरवर, तोंडाजवळ, अडकवायची. डबीत एक पांढरी चकती असते. पंप दिवसभर हवा ओढतो आणि धूळ चकतीवर बसते. मग ती चकती आम्लात विरघळवून तिच्यातलं शिसं मोजायचं. माणसाच्या तोंडाशी आपलं तोंड नेऊन ठेवायचं, असंच म्हणा. रज्जब अलींनी त्या तोंडालाच फडकं बांधलं होतं. का, तर ते घाण होऊ नये. मीच त्यांना सांगितलं होतं की यंत्र बाहेरच्या देशातून आलेलं आहे, जपून वापरा. सगळ्या शहरांत मी हेच सांगत आलो. कानपूरला सांगितलं, तेव्हा चामड्याच्या कारखान्यातल्या एकाने पंप कमरेवरून सोडून खुंटीला टांगला आणि स्वतः जेवायला गेला. तो निष्काळजीपणा मला समजतो, त्याची सोय आम्ही आधीच ठेवतो. पण काळजीची सोय कोणी ठेवलेली नव्हती. तिच्यासाठी लखनऊच पाहिजे.

बागेत एका बाकावर बसलो, दुधी शेजारी ठेवला. मला धक्का बसला होता हे खरं, पण नीट तपासून पाहिलं तर त्या धक्क्याच्या खाली बरं वाटत होतं. याला कारण होतं. चिनहटच्या माणसांचं रक्त आमच्या डॉक्टरांनी तपासलं होतं आणि रक्तात शिसं पुष्कळ निघालं. माझ्या चकत्यांवर मात्र थोडं. दोन्ही आकडे समोरासमोर ठेवले की जुळेनात. मग जे नेहमी होतं तेच झालं. अहवालात वाक्य आलं की कामगार हात न धुता जेवतात, तंबाखू मळतात, त्यामुळे शिसं पोटात जातं. हवेचा दोष नाही. हे वाक्य माझं नव्हतं, पण माझ्या आकड्यांवर उभं होतं. आणि तो अहवाल दिल्लीला गेला होता. भोपाळ होऊन वर्ष उलटलं होतं. कारखान्यांच्या कायद्यात आता नुसतं 'पुरेशी काळजी घ्यावी' असं न लिहिता, कोणत्या विषाची धूळ किंवा वाफ हवेत किती चालेल याचे आकडेच घालायचे, सगळ्या देशासाठी एकच, असं चाललं होतं. त्यासाठी होळीनंतर बैठक होती आणि मला तिथे बोलावलं होतं. मालकांच्या बाजूचं म्हणणं असं होतं की मोठ्या कारखान्यांना हे नियम लावा, लहानांना सोडा. लहान कारखान्यात दारं-खिडक्या उघड्या असतात, तिथे धूळ ओढणारे पंखे बसवायची गरज नाही. आणि याला पुरावा काय? चिनहट. म्हणजे आमचाच अहवाल. रज्जब अलींचा रुमाल देशभरातल्या लहान कारखान्यांवर पसरायला निघाला होता.

हे सगळं इतकं स्वच्छ दिसलं की गणित सुटल्यासारखं वाटलं. रक्त खोटं बोलत नव्हतं, रज्जब अलीही नव्हते. मधे फक्त कापड होतं. मला वाटलं, घरी जाऊन हे सुहासिनीला सांगावं. असं अजून होतं. आता पूर्वीसारखं काळजात चर्र होत नाही. जिन्यावर एक पायरी जास्त आहे समजून पाय टाकावा, तसं होतं आणि पुढे चालायला लागतो.

ती लखनऊला आली तेव्हा तिला हिंदी येत नव्हती. पण बोलायला ती घाबरली नाही. "भैया, तुम्हारा मेथी ताजा नहीं है," असं ती रोज म्हणायची, आणि भाजीवाला रोज "हमारी मेथी, बहनजी, हमारी" म्हणायचा, आणि ती म्हणायची, "वही तो, तुम्हारा." शेवटी त्यानेच मेथा म्हणायला सुरुवात केली. शिकवण्याची तिला आवड नव्हती आणि शिकण्याचीही फार नव्हती, पण माणसं तिच्याकडे झुकायची. सरोजभाभी तिला लोणचं आणून द्यायच्या, ते अर्धं आम्हाला आवडायचं नाही, तरी ती बरणी रिकामी करून परत द्यायची आणि बरणीत काहीतरी घालून. रिकामं भांडं परत करायचं नाही, हे तिचं सांगलीचं आणि भाभींचं इथलं, दोघींचं सारखंच निघालं. मी अशा गोष्टींकडे लक्ष दिलं नव्हतं असं नाही. दिलं होतं. मला मोजायची सवय आहे, लक्ष देणं हा माझा धंदाच आहे. संध्याकाळी मी स्कूटर लावून आत यायचो तेव्हा ती खुर्चीत बसलेली असायची, वेणी घातलेली, कुंकू लावलेलं, चहाचं आधण गॅसवर. तिच्या दुखण्याच्या शेवटच्या महिन्यांतसुद्धा. मी विचारायचो, आज कसं आहे? ती म्हणायची, "आज जरा बरं आहे." मी रोज तिच्याकडे नीट बघायचो आणि मलाही वाटायचं, आज जरा बरं आहे.

घरी आलो तर विनया आली होती. माझी मुलगी, तेव्हा विद्यापीठात एम.ए. करत होती. इथेच जन्मली, म्हणून मराठी सगळं कळतं पण उत्तर हिंदीत देते; आईशी मात्र अर्धं-अर्धं बोलायची. मी दुधी ओट्यावर ठेवला. तिने तो उचलून नख लावलं आणि म्हणाली, "बाबा, ये तो आपकी उमर की है."

मी म्हणालो, "चिरून तर बघ. आणि ऐक, आज एक गंमत झाली."

तिला रज्जब अलींची गोष्ट सांगितली. घूँघटापाशी आलो तेव्हा ती इतकी हसली की हातातली सुरी तिला खाली ठेवावी लागली. "हाय अल्ला, मशीन का पर्दा! और आप जाते थे तो मुँह-दिखाई होती थी!" मीही हसलो. आमच्या घरात बऱ्याच दिवसांनी दोघं एकदम हसलो होतो. मग तिने दुधी चिरायला घेतला, बिया मोठ्या निघाल्या, त्या काढता काढता ती सहज म्हणाली, "आई भी तो यही करती थी."

"काय करायची?"

"आपके आने से पहले. पाँच बजे उठ के बैठ जाती थी. शेकायची पिशवी मुझे देती, छुपा दे, बाबा येतील. बाल बनवाती थी मुझसे." तिने माझ्याकडे पाहिलं. "आपको नहीं पता था?"

मी म्हणालो, "नाही."

"मुझे लगा पता होगा."

"तू सांगितलं नाहीस."

"उसने कसम दी थी ना." मग ती मराठीत म्हणाली, हळू, एकेक शब्द ठेवत, "ती म्हणायची, त्यांना दिवसभर विषं बघायची असतात. घरी तरी बरं दिसू दे."

मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. समोरच्या घरी कोणीतरी गच्चीवर बटाट्याचे पापड वाळत घातले होते आणि एक बाई काठी घेऊन माकडांवर लक्ष ठेवून होती. मला राग आला का? थोडा आला. कोणाचा ते कळेना. पाचला ती उठून बसायची, म्हणजे पाचच्या आधी ती कशी होती? त्या दिवसभराचं माझ्याकडे काहीही नाही. माझ्याकडे फक्त संध्याकाळ आहे, वेणी घातलेली. मी डोळे मिटून दुपारची सुहासिनी बघायचा प्रयत्न केला. पलंगावर कुशीवर, गुडघे पोटाशी. पण ती मी बनवलेली होती, पाहिलेली नव्हती, आणि ते मला कळत होतं. जे मोजलंच नाही ते मागाहून अंदाजाने भरता येत नाही, हे मी आमच्या खात्यात नव्या आलेल्या लोकांना सांगत असतो. पण हळूहळू दुसरंही एक जाणवायला लागलं. आज बाजारात रज्जब अली हसत होते तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी ओळखत होतो. कुठे पाहिलंय ते तेव्हा लक्षात आलं नाही. मी स्कूटर लावून आत यायचो तेव्हा समोर खुर्चीत तेच असायचं. आपण काहीतरी नीट सांभाळलं, याचा आनंद. ती मला फसवत होती आणि तिला ते आवडत होतं. रोज एकदा, संध्याकाळी, तिला ते जमत होतं. कदाचित दिवसात तेवढं एकच जमत असेल. मग मी तो दिवस तिच्याकडून कसा परत मागू?

विनयाने आतून हाक मारली, "बाबा, लौकी जल जाएगी, मैं नहाने जा रही हूँ." मी जाऊन दुधी हलवला. जून होता तरी चांगला झाला.

आमचे विभागप्रमुख गजेंद्र माथुर हे जुन्या लखनऊचे, बोलताना समोरच्याला आधी खुर्ची, मग पान, मग नकार देणारे. दुसऱ्या दिवशी त्यांना सांगितलं तर त्यांनी आधी खुर्ची दिली, पानाचा डबा पुढे केला. मग म्हणाले, "खरे साहब, मैं दिल्ली को लिखूँ क्या? कि लखनऊ की तहज़ीब ने रीडिंग ख़राब कर दी?"

"वही लिखिए, सर. वही हुआ है."

"हँसेंगे."

"हँसने दीजिए."

ते म्हणाले, एवढा अहवाल मागे घेतला तर पुढच्या वेळी आपला शब्द कोण ऐकेल? त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. संस्थेचं नाव असतं, ते बनायला वर्षं लागतात. त्यांनी सुचवलं की बैठकीत मी गप्प बसावं, आणि मागाहून, उन्हाळ्यात, सावकाश पुन्हा मोजावं. मी म्हणालो, उन्हाळ्यापर्यंत लहान कारखाने यादीतून बाहेर गेलेले असतील. एकदा बाहेर गेलेलं कायद्यात परत आणायला दुसरं भोपाळ लागेल. हे मी जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण ते माझ्याकडे बघत राहिले. मी त्या खोलीत कधी आवाज चढवला नव्हता. माथुरसाहेबांनी टेबलावरची घंटी वाजवून पाणी मागवलं, आणि पाणी येईपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेरच्या गुलमोहराकडे बघत बसलो. मग ते म्हणाले, "गाड़ी ले जाइए. होली से पहले निपटा लीजिए. और ख़ुदा के वास्ते, इस बार वहीं खड़े रहिएगा."

चिनहटला तो कारखाना म्हणजे फैजाबाद रस्त्याच्या आतल्या बाजूला एक पत्र्याची लांब शेड. दारातच गुळाची पाटी ठेवलेली असते, कारण गूळ खाल्ला की धूळ पोटातून निघून जाते अशी मालकापासून सगळ्यांची समजूत आहे. येणाऱ्यालाही एक खडा देतात. मी घेतो. गूळ चांगला असतो. आत एका टोकाला करडी पूड पिंपातून ओतून कालवतात, पुढे लांब टेबलावर रज्जब अली आणि बाकीचे तो लेप जाळ्यांमध्ये थापतात, आणि त्याच्यापुढे सुकलेल्या जाळ्या ठोकून साफ करतात. धूळ तिथून उडते. दिसते कमी, उन्हाची तिरीप आली की दिसते. तिथे बसून ते लोक दिवसभर बोलत असतात. कोणाच्या मुलीचं लग्न, कोणाचा पतंग कोणी कापला, कोणत्या नवाबाचा कोणता नोकर काय म्हणाला. हात चालू आणि तोंड चालू. रज्जब अली बोलायला लागले की ठोकणारेही ठोकायचे थांबतात.

मी पंप काढले तसे त्यांनी खिशातून रुमाल काढला. धुतलेला, इस्त्री केलेला, कोपऱ्यात बारीक चिकनची वेल. मी म्हणालो, या वेळी रुमाल नको. "नहीं साहब, ये कैसे होगा," ते म्हणाले. मी समजावलं की यंत्राला धूळ लागलीच पाहिजे, त्यासाठीच ते आहे. त्यांनी मान डोलावली आणि रुमालाची घडी घालायला घेतली. मी पुन्हा समजावलं. विष, रक्त, दिल्ली, कायदा, सगळं सांगितलं. सगळ्यांनी ऐकलं. मग एक जण म्हणाला, "साहब बड़े आदमी हैं, इसलिए कह रहे हैं," आणि बाकीच्यांना ते पटलं. परक्याची वस्तू मैली करून परत द्यायची, हे त्यांच्याच्याने होईना. मी उभा राहिलो. असल्या वेळी सुहासिनी काय करायची? ती समजावायची नाही. ती समोरच्याचंच काहीतरी उचलून त्याच्यापुढे धरायची.

मी म्हणालो, "रज्जब मियाँ, आपके घर मेहमान आए, तो आप उसका मुँह बाँध देते हैं?"

"तौबा!"

"ये मेहमान है. दूर से आया है. और ये यही खाता है." मी पिंपाकडे बोट दाखवलं. "पिछली बार आपके यहाँ से भूखा गया."

मग रज्जब अलींनी कपाळावर हात मारला. "लाहौल विला! सुना तुम लोगों ने? मेहमान का मुँह बाँधे रहे, और ऊपर से ख़ुश कि बड़ी ख़ातिर की!" शेडभर हसू उठलं. रुमाल खिशात गेला. "अब खिलाओ इसको, पेट भर के खिलाओ." आणि मग मला उलटीच भीती वाटायला लागली, कारण ठोकणाऱ्यांपैकी एक जण कॉलर मुद्दाम पिंपावर धरायला निघाला. त्याला सांगावं लागलं की पाहुण्याला जबरदस्तीने वाढायचं नाही, तो आपल्या हाताने घेईल. तुम्ही रोजच्यासारखं काम करा. हेही त्यांना लगेच समजलं. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्यातच बसलो. रज्जब अलींनी तो रुमाल पसरून त्याच्यावर रोट्या ठेवल्या, आणि मी बघत राहिलो. गेल्या वेळी हाच रुमाल संध्याकाळी करडा होऊन घरी जायचा, आणि त्यांची बायको तो हाताने, साबण लावून, रोज धुवायची. त्याच बादलीत घरातले बाकीचे कपडेही असतील. मी विचारलं, घरातल्या मुलांची पोटं दुखतात का? ते म्हणाले, "नाती का दुखता है कभी-कभी. क्यों?" मी म्हणालो, कपडे इथेच धुऊन जात जा. ते म्हणाले, इथे पाणी कुठाय.

संध्याकाळी प्रयोगशाळेत चकत्या उघडल्या. सगळ्या करड्या. विरघळवायच्या आधीच डोळ्यांना दिसत होतं. मी त्या एकीशेजारी एक मांडल्या आणि मला इतकं समाधान झालं की त्याची थोडी लाजही वाटली. माणसं गिळत असलेली धूळ पाहून कोणी खूश होतं का? पण खरं ते समोर होतं आणि झाकलेलं नव्हतं. आकडे आले, ते आधीच्या कितीतरी पट. रक्ताशी जुळले.

दिल्लीच्या बैठकीत मी पहिला अहवाल मागे घेतला आणि दुसरा ठेवला. असं का, म्हणून विचारलं. मी म्हणालो, पहिल्या वेळी रुमाल होता, आणि सगळं सांगितलं. माथुरसाहेब म्हणाले होते तसे लोक हसले. मालकांच्या बाजूने आलेले एक सभ्य गृहस्थ डोळे पुसत म्हणाले, मग त्यांना रुमालच द्या ना, पंखा कशाला, आणि गूळ तर आम्ही देतोच. पुन्हा हशा. मी म्हणालो, यंत्रासाठी त्यांनी रुमाल आणला, स्वतःच्या तोंडाला नाही बांधला. स्वतःला तोंड आहे हे त्यांच्या लक्षात यायला कोणीतरी आधी लिहून ठेवायला हवं. मी काही फार चांगलं बोललो असं नाही, पण हसू थांबलं. लहान कारखान्यांना सोडा हे वाक्य आमच्या मसुद्यातून गेलं. कामाचे कपडे कारखान्यातच धुवायची सोय असावी, हे वाक्य मी घालायला लावलं. त्यावर कोणी वादच केला नाही, जेवायची वेळ झाली होती. पुढे सत्त्याऐंशीत कायदा बदलला, आकड्यांचा तक्ता त्यात आला. तो छापून आला तेव्हा मी शिशाची ओळ शोधून वाचली. एवढी छोटी ओळ असते. विनयाला दाखवली. ती म्हणाली, "बस, इतना सा?" मी म्हणालो, हो, एवढंच.

कायदा झाला म्हणून पंखा येत नाही. मालक, निरीक्षक, मुदत, पुन्हा मुदत, असं चाललं. विनयाचं लग्न झालं, ती अलीगंजला राहायला गेली, दर रविवारी येऊन माझ्या दुध्यांना नावं ठेवायची. अठ्ठ्याऐंशीच्या थंडीत निरोप आला की चिनहटला पंखा बसलाय, येऊन मोजून जा. मी पंप घेऊन गेलो. शेडच्या भिंतीला एक नळ बसवला होता आणि त्याच्याखाली कपडे धुवायचा दगड. टेबलावर पत्र्याचं मोठं नरसाळं, त्यातून जाड नळा छतातून बाहेर. सगळे जण नरसाळ्याखाली शिस्तीत बसले होते, पण चेहरे पडलेले. पंखा बंद होता. मी येईपर्यंत थांबले होते. रज्जब अलींनी आदाब केला आणि म्हणाले, "साहब, क़ानून सर-आँखों पर. मगर एक शिकायत है."

"कहिए."

"चला के देख लीजिए."

त्यांनी बटण दाबलं. विमान शेडमध्ये शिरल्यासारखा आवाज झाला. रज्जब अली बोलत होते, हातवारे करत होते, तोंड हलत होतं, मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. त्यांनी बटण बंद केलं. "देखा? गर्द भी ले गया, गुफ़्तगू भी ले गया." मी म्हणालो, पंख्याचे पट्टे सैल आहेत, आवाज कमी करता येईल, मी सांगून जातो. "जल्दी कहिएगा," ते म्हणाले, "वरना ये लोग गूँगे हो जाएँगे, और मैं मर जाऊँगा." मग त्यांनी सुस्कारा टाकून पंखा चालू केला, आणि सगळे कामाला लागले. मी कॉलरवर डब्या लावल्या. रुमाल कोणी काढला नाही.

मी टेबलाच्या टोकाशी भिंतीला टेकून उभा राहिलो. उन्हाची तिरीप टेबलावर पडली होती. पूर्वी तिच्यात धूळ वर चढताना दिसायची, माणसांच्या तोंडापर्यंत. आता जाळी ठोकली की पूड थोडी उडायची, मग जणू कोणी हाक मारल्यासारखी वळायची आणि नरसाळ्यात जायची. पुन्हा ठोका, पुन्हा तेच. मी ते बराच वेळ बघत राहिलो. त्या आवाजात कोणालाच काही ऐकू येत नव्हतं, आणि माझ्या लक्षात आलं की माझं तोंड उघडलेलं आहे.

"सुहास," मी मोठ्याने म्हणालो. माझा आवाज मलाही ऐकू आला नाही. "दुखत होतं तर सांगायचं होतंस. मला चाललं असतं." मग म्हणालो, "पण वेणी छान घालायचीस हं." आणखीही बरंच बोललो, जे घरात भिंती ऐकतील म्हणून कधी बोललो नव्हतो. मराठीत, सांगलीच्या भाषेत, जमेल तेवढ्या मोठ्याने. कोणी मान वर केली नाही. सगळ्यांचे हात चालू होते.

फक्त रज्जब अलींनी माझे ओठ हलताना पाहिले. त्यांनी हात कानामागे धरला आणि भुवया उंचावल्या, क्या फ़रमाया?

मी हातानेच सांगितलं, तुम्हाला नाही, चालू द्या.